तेलाच्या भरंवशावर चालणारी मोटार

मोटारींत तेल घालावयाचें तें तिचे भाग घासून झिजूं नयेत म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु मोटारीच्या इतिहासांत अशीही एक योजना होऊन गेली कीं, तींत तेल हें नुसतें वंगण नव्हतें. एंजिनाची शक्ति चाकांकडे पोंचविण्याचें काम तेंच करी. अमेरिकेंतील क्राइस्लर कंपनीची ‘फ्लुइड ड्राइव्ह’ ही ती योजना होय.

तिचें मूळ मात्र आगबोटींत आहे. हर्मान फॉटिंगर हा जर्मन एंजिनिअर स्टेटिन येथील व्हल्कन जहाजकारखान्यांत काम करीत असे. वाफेचें टर्बाइन अतिशय वेगानें फिरतें. उलट जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच चांगलें काम देतो. या दोहोंची सांगड दांतेरी चाकांऐवजीं द्रवाच्या साहाय्यानें घालण्याची युक्ति त्यानें शोधून काढली आणि १९०५ सालीं तिचें पेटंट घेतलें. १९३० मध्यें इंग्लंडांतील डेमलर कंपनीनें या तत्त्वाचें फ्लायव्हील आपल्या मोटारींत बसविलें. १९३९ मध्यें क्राइस्लरनें तें आपल्या कस्टम इंपीरिअल गाडींत आणलें.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. एका बंद पोकळ डब्यांत दोन वाट्या समोरासमोर बसविलेल्या असतात व प्रत्येकींत आडवीं पातीं असतात. एक वाटी एंजिनाबरोबर फिरते, दुसरी क्लचच्या द्वारें गिअरबॉक्सला जोडलेली असते. त्यांचा एकमेकींना स्पर्श होत नाहीं. पहिली फिरूं लागली कीं मधलें पातळ तेल कडेकडे फेकलें जातें, दुसरीच्या पात्यांवर आदळतें आणि तिला आपल्याबरोबर फिरवितें. एंजिन सावकाश चालत असतां हा रेटा इतका दुबळा असतो कीं, गाडी गिअरमध्यें असूनही ब्रेकवर स्वस्थ उभी राहते.

१९४१ मध्यें या फ्लायव्हीलला अर्धस्वयंचलित गिअरबॉक्सची जोड मिळाली. क्लच दाबावयाचा तो गाडी हलकी चालवावयाची कीं वेगाची, किंवा मागें घ्यावयाची, हें ठरविण्यापुरताच. पुढें वेग आला म्हणजे चालकानें अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय क्षणभर उचलावा. वरचा गिअर आपोआप पडे. प्रथम हें काम एंजिनांतील निर्वातानें होई. महायुद्धानंतर तें तेलाच्या दाबानें होऊं लागलें.

चालकाच्या पायाचे कष्ट वांचले खरे, पण देखभालीचें काम नाजूक झालें. गिअरबॉक्सचें तेल निराळें आणि फ्लायव्हीलचें निराळें. फ्लायव्हीलमधील तेल पातळ आणि फेस न धरणारें असावें लागतें. तें कमी पडलें तर एंजिन नुसतेंच धांवतें व तेल तापतें. उलट, काठोकांठ भरलें तर तापल्यावर फुगण्यास जागा उरत नाहीं. दाबानें सील निकामी होतें आणि गळणारें तेल मागील कोरड्या क्लचवर जाऊन तो घसरूं लागतो. म्हणून आंत थोडी हवा राहूं देणें आवश्यक असतें.

तेल पाहण्यासाठीं गाडी सपाट जागीं उभी करून, थंड झाल्यावर, पुढील बैठकीसमोरची सतरंजी व तिच्याखालील झांकण काढावें लागतें. मग एंजिन हातानें फिरवून बूच भोंकासमोर आणतात, भोंवतालची घाण पुसतात आणि बूच सोडण्यापूर्वीं सभोंवार चिंध्या दाबून बसवितात. कारण तें खालच्या पोकळींत निसटलें तर दोन मिनिटांच्या कामाला संबंध दिवस लागूं शकतो. तेल बुचाच्या भोंकाच्या खालच्या कडेपर्यंत भरावें, त्यापुढें नाहीं.

१९५३-५४ च्या सुमारास ‘पॉवरफ्लाइट’ नांवाचा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आला आणि ही योजना मागें पडली. फॉटिंगर त्यापूर्वींच, १९४५ सालीं, बर्लिनमध्यें मरण पावला होता. कंपनीचें तें खास तेलही आतां मिळत नाहीं. जाणते लोक त्याऐवजीं आयएसओ ३२ दर्जाचें पातळ खनिज तेल वापरतात. तेव्हां अशी जुनी गाडी ज्याच्या हातीं येईल त्यानें ती रस्त्यावर काढण्यापूर्वीं तें बूच एकदां उघडून पाहावें. कारण मागील मालकानें आंत कोणतें तेल घातलें आणि किती, यावरच तिचें पुढील आयुष्य अवलंबून असतें.