पत्र, पत आणि भागीदारी

व्यापारी भागीदारीच्या इतिहासाचा विचार बहुधा भांडवल, करार आणि कायदा या तीन अंगांनी केला जातो. परंतु भागीदार परस्परांपासून शेकडो कोस दूर असता एकाने दुसऱ्याच्या वर्तनाची खातरजमा कशी करावी, हा प्रश्न या तिन्हींच्या मुळाशी आहे. त्यावर प्रकाश टाकणारे विपुल साहित्य जुन्या कैरोतील, म्हणजे फुस्तात येथील, बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये उपलब्ध झाले. देवाचे नाव असलेला कागद नष्ट करू नये, या यहुदी संकेतामुळे तेथील 'गेनिझा' नामक कोठीत जुने लेख शतकानुशतके साठत गेले. त्यांतील फार मोठा भाग सॉलोमन शेश्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिज येथे नेला.

यांतील व्यापारी पत्रे प्रायः हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबी भाषेत आहेत. गोइताइन यांनी त्यांच्या आधारे अकराव्या-बाराव्या शतकांतील व्यापाराचे चित्र उभे केले. 'किराद' नामक व्यवहारात एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असत. तोटा झाल्यास तो भांडवलदाराने सोसावयाचा असे. याखेरीज 'सुहबा' नामक एक अलिखित संबंधही होता. त्यात मोबदला न घेता एकमेकांचा माल विकावयाचा व एकमेकांची कामे पाहावयाची असत. मराठीतील 'सोबत' हा शब्द याच अरबी शब्दापासून फारसीच्या द्वारे आलेला आहे.

अशा व्यवहारात निर्णय कोणी घ्यावयाचा? जो जागेवर आहे त्याला जे दिसते ते दूरस्थाला दिसत नाही, अशा आशयाचे वचन या पत्रांत आढळते. म्हणून अडत्याला स्वतःच्या विवेकाने वागण्याची मोकळीक दिली जाई. तिच्या मोबदल्यात त्याने हिशेब, बाजारभाव, गलबतांच्या खबरा आणि इतर व्यापाऱ्यांचे वर्तन कळवावे, अशी अपेक्षा असे. पत्र गहाळ होण्याच्या भयाने त्याच्या प्रती निरनिराळ्या गलबतांतून धाडल्या जात.

या पत्रव्यवहाराचा अर्थ लावताना विद्वानांत मतभेद झाला. एव्नर ग्राइफ यांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादन केले की, मघरिबी व्यापाऱ्यांत एकाला फसवणाऱ्या अडत्याला सर्वच जण काम नाकारीत; सबब पत जाण्याचे भय हेच सचोटीचे मूळ होय. जेरेमी एडवर्ड्स व शीला ओगिल्वी यांनी २०१२ मध्ये यास आक्षेप घेतला. अशा सामुदायिक बहिष्काराचा पुरावा तोकडा असून, हे व्यापारी न्यायालयांचाही आश्रय घेत, असे त्यांनी दाखविले. त्याच वर्षी जेसिका गोल्डबर्ग यांनीही पत आणि न्यायसंस्था यांचा एकत्र विचार करण्याची आवश्यकता मांडली.

या वादाचा कस हिंदुस्थानाशी संबंधित पत्रांवर लागतो. अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाकडील व्यापारी बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पादात मंगळूर येथे राहत असे. त्याचे सहकारी एडन येथे होते. वेलदोड्यांसाठी आगाऊ रक्कम घेऊन माल न देणाऱ्या एका स्थानिक पुरवठादाराचे प्रकरण त्यांच्या पत्रांत येते. एडनचा व्यापारी बेन यिजूला सुचवितो की, येथे बुडव्यांचा जाहीर निषेध केला जातो अशी धमकी त्याला द्यावी. कदाचित तो भिईल, न पेक्षा निषेधाचा लेखच पाठवू.

या सूचनेतील 'कदाचित' हा शब्द सर्वांत बोलका आहे. निंदेचे शस्त्र आपल्या समाजाबाहेरही चालेल अशी आशा लेखकाला आहे, परंतु खात्री नाही. ज्याला एडनच्या बाजारात वावरावयाचे नाही, ज्याला त्या पत्राची लिपीही अपरिचित, त्याच्यावर या निषेधाचा प्रभाव पडावा कसा? बातमी समुद्र ओलांडून जाऊ शकते. पण तिला दंडाचे सामर्थ्य येण्यास ती वाचणारा, मानणारा व तिच्यावरून आपला व्यवहार ठरविणारा समाज लागतो.

तात्पर्य, पत विरुद्ध कायदा असा हा प्रश्न मांडणे अपुरे होय. कोणती बातमी कोणत्या भाषेत, कोणाकडून कोणाकडे गेली, याचा नकाशा प्रथम आखला पाहिजे. पतीचे राज्य कोठे संपते व न्यायालयाची गरज कोठे सुरू होते, हे त्या नकाशाच्या सीमेवरच दिसून येईल.