दूध कशात तापवता? : एका विसरल्या गेलेल्या बालरोगाचा इतिहास

आजचा थ्रेड लांबलचक आहे आणि त्यात एकही लढाई, तह वा राज्याभिषेक नाही. एक पितळी पातेले आहे, आजारी लेकरू कडेवर घेऊन दवाखान्याच्या वाऱ्या करणाऱ्या आया आहेत, आणि जवळजवळ शंभर वर्षे कोणी न विचारलेला एक साधा प्रश्न आहे.

कडेगाव आपल्यापैकी बहुतेकांना मोहरमच्या उंच ताबुतांमुळे ठाऊक असते. माझे आजोळ तिथलेच. गेल्या दिवाळीत माळा झाडताना आजीचे जुने पितळी पातेले खाली आले. बाहेरून सोन्यासारखे, आत कल्हई उडून गेलेली, तळाशी काळपट हिरवी कड. ते मोडीत काढू या, असे मामा म्हणाला. आजी नको म्हणाली. त्या पातेल्यापाशी बसूनच तिने प्रथमच मला तिच्या दुसऱ्या मुलाविषयी सांगितले. १९७० च्या दशकात, दीड वर्षाचा असताना, तो 'लिव्हर'ने गेला.

'लिव्हर' हा शब्द जुन्या पिढीच्या तोंडी अवयवाचे नाव म्हणून नव्हे, तर रोगाचे नाव म्हणून येतो. "अमक्याच्या पोराला लिव्हर झालं" हे वाक्य एकेकाळी घराघरांत धडकी भरवीत असे. वैद्यकीय ग्रंथांत त्याला 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस' म्हणतात. सहा महिने ते साधारण तीन-चार वर्षांचे मूल किरकिरे होई, बारीक ताप येई, अन्नावरची वासना जाई आणि पोट हळूहळू फुगू लागे. डॉक्टरांच्या बोटांना यकृताची कडक, पात्यासारखी धारदार कड लागे. पुढे कावीळ, मग पोटात पाणी. आणि कावीळ दिसल्यावर बहुधा काही आठवड्यांचा वा महिन्यांचाच अवधी उरे.

कलकत्त्यात बी. सी. सेन यांनी या रोगाचे वर्णन १८८७ मध्येच करून ठेवले होते. पुढील नऊ दशके कारणांचे तर्क चालले: विषाणू, कुपोषण, बुरशीचे विष, आनुवंशिकता. शेवटचा तर्क विशेष बलवान ठरला, कारण एकाच घरातली दोन-तीन भावंडे लागोपाठ दगावत. रोग रक्तातच आहे असे ठरले, की पुढचा प्रश्न आपोआप 'कोणाच्या रक्तात?' असा होतो. त्याचे उत्तर आपल्या समाजात कोणाकडे बोट दाखवून दिले जाते, हे मी सांगायला नको. आजीलाही "तुझ्या माहेरचं असंल" हे ऐकावे लागले होते.

आजीच्या आठवणीत रोगापेक्षा वाऱ्याच अधिक आहेत. दर पंधरा दिवसांनी एसटीने कराड. केसपेपर रुमालात गुंडाळून कमरेला खोचलेला. डॉक्टर पोट चाचपीत, पेनाने यकृताची कड पोटावर आखीत. पुढच्या खेपेस रेघ पुसलेली असे आणि कड तिच्याही खाली सरकलेली असे. तूप-तेल बंद, उसाचा रस सुरू. शेजारणीच्या सांगण्यावरून गळ्यात काविळीची माळही. पुण्यास न्या असे कोणीतरी सुचवले होते. पण ऐन पेरणीत दीडशेहून अधिक किलोमीटरवर जाऊन राहायचे कोणाकडे? आणि पोराला ताकद यावी म्हणून दूध मात्र भरपूर पाजायचे. वरचे दूध, म्हशीचे, दिवसातून दोनदा तापवलेले.

आता पुण्याकडे वळू. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली एक गोष्ट स्पष्ट झाली. १९७८ आणि १९७९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांनी या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असल्याचे दाखवले. निरोगी प्रौढ यकृताच्या कोरड्या वजनात ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमहून कमी तांबे असते. या मुलांत ते हजाराच्या आसपास वा त्याहून अधिक भरे. पण हे तांबे कारण होते की परिणाम? आणि ते आले कुठून?

रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित ही मुले रोज पाहत होते. ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर त्यांच्यासोबत काम करू लागले. या मंडळींनी जे केले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार ओळखीचे वाटते: त्यांनी मौखिक साक्ष घेतली. आईला विचारले: अंगावरचे दूध कधी सुटले? वरचे दूध कधी सुरू केले? गायीचे की म्हशीचे? आणि ते कशात तापवता, कशात ठेवता? आजारी मुलांच्या शेजारी निरोगी मुलांच्या जोड्या लावून दोन्हींकडच्या उत्तरांची तुलना केली. आजारी मुलांच्या घरी वरचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या भांड्यात तापवले व ठेवले जात होते. यावरील शोधनिबंध १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. जोड्यांची सविस्तर तुलना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण 'कळकणे' हे क्रियापद मराठीत फार जुने आहे. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंच, आमटी ठेवली की ती कळकते, हे प्रत्येक घरात ठाऊक होते. कल्हईवाल्याची हाळी ऐकली की बायका भांडी घेऊन धावत, त्या याच भीतीने. मग दुधाच्या पातेल्याचे काय? दूध आंबट नसते, कळकलेल्या ताकासारखे ते रंगाने वा चवीने काही सांगत नाही. त्यामुळे कल्हई झिजलेले पातेले ताकाला निषिद्ध ठरे आणि दुधाला चाले. प्रत्यक्षात दुधातले केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. तापवणे आणि रात्रभर ठेवणे यांनी ते वाढत जाते. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांबे अधिक असते आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची क्षमता अपुरी. आईच्या दुधात तांबे अल्प असते, म्हणून तिथे निभावते. परंपरेचे ज्ञान खोटे नव्हते. ते एका भांड्यापाशी येऊन थांबले होते.

पुण्याच्या गटाने 'पेनिसिलामाइन' हे औषधही वापरून पाहिले. ते शरीरातील तांबे धरून लघवीवाटे बाहेर काढते. कावीळ होण्याआधी सुरू झाले तर काही मुले वाचू लागली. मात्र त्यासाठी महिनोन्‌महिने न चुकता येणे, रक्त-लघवीच्या तपासण्या, पुन्हा यकृताचा तुकडा काढून पाहणे हे सारे आले. १९९६ मध्ये आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी अशा २९ मुलांचा दीर्घकालीन मागोवा प्रसिद्ध केला. काहींचे यकृत जवळपास पूर्ववत झालेले दिसले. त्या निबंधात मुलांची वये आहेत, यकृताची छायाचित्रे आहेत. त्यांना दर वेळी तिथवर घेऊन येणारी माणसे त्यात नाहीत. शोधनिबंधाचा तो हेतू नसतो, हे मान्य. तरीही मला ती रिकामी जागा खुपते.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातून एक अनपेक्षित पुरावा आला. पश्चिम टायरॉलच्या खोऱ्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच रोगाने दगावली होती. तिथेही गायीचे दूध, तिथेही तांब्याची भांडी. भांडी बदलली आणि रोग ओसरला. म्हणजे 'इंडियन' हे विशेषणही फारसे खरे नव्हते.

वाद मात्र पुरता मिटलेला नाही. १९७९ च्या निबंधाचे एक सहलेखक एन. सी. नायक यांनीच पुढे, २०१३ मध्ये, ए. आर. चितळे यांच्यासमवेत पितळी भांड्यांच्या सिद्धान्तावर आक्षेप घेतले. टायरॉलच्या संशोधकांनीही आनुवंशिक वाटा नाकारलेला नाही. एकाच आळीत सगळ्यांकडे पितळ असताना सगळी मुले आजारी पडत नव्हती, हे खरेच आहे. माझे मत असे, की रक्ताचा वाटा असेलही, पण पातेल्यावाचून तो बहुधा निद्रिस्त राहिला असता. १९९० च्या दशकात हा रोग भारतातून जवळपास नाहीसा झाला. डॉक्टरांच्या सांगण्याने किती आणि स्टीलच्या स्वस्त भांड्यांनी किती, हा हिशेब अवघड आहे. बोहारणीकडून स्टीलचे पातेले घेणाऱ्या बाईला आपण काय टाळले याची कल्पनाही नसेल.

आजीच्या मुलाला नेमके काय झाले होते, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. केसपेपर उरलेला नाही, यकृताची तपासणी झालेली नव्हती. एका आठवणीवरून निदान करणे अभ्यासाच्या शिस्तीत बसत नाही. तरीही त्या दुपारी मी विचारलेच, "आजी, दूध कशात तापवायचीस?"

"ह्यातच की. दुसरं व्हतं काय घरात?" ती म्हणाली. मग पातेल्याच्या कडेवरून हात फिरवीत, "का रं?"

मी म्हटले, "सहज."

पातेले पुन्हा माळ्यावर गेले आहे. हे सारे वाचून दाखवण्यासाठी मी दोनदा कडेगावला जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा न वाचताच परतलो.