वार्धक्याची वैद्यकी

परभणीजवळच्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला येणारी एखादी आजी गुडघा धरून बसली, की ती स्वतःच सांगते, "वय झालं बाबा!" हेच उत्तर पुष्कळ वर्षे डॉक्टरही देत आले.

आयुर्वेदाच्या आठ अंगांत जरेला स्वतंत्र स्थान आहे. आधुनिक वैद्यकात या शाखेचे नामकरण झाले ते १९०९ साली, न्यूयॉर्कच्या डॉ. नॅशर यांच्या हातून. पुढे १९३५ पासून लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांनी खाटेला खिळलेली म्हातारी माणसे एकेक करून तपासली. त्यांतली कित्येक उठली, चालली, चक्क घरी गेली! नुसते पडून राहणे हाही एक रोगच होता म्हणायचा.

आपल्याकडे या विषयाची एम.डी. मद्रासला १९९६ साली सुरू झाली. २०१० नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचे जे.जे. प्रादेशिक केंद्र ठरले. पण मुंबई कुठे नि पोखर्णी कुठे! खेड्यातल्या आजीच्या दाराशी येते ती आशाताई. तिच्या शिक्षणात म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचे पाठ आले ते अगदी अलीकडे. आजी, वर्षभरात कधी पडलात का? ऐकू नीट येतं ना? गोळ्यांची पिशवी दाखवा पाहू, हे विचारायलाही शिकावे लागते.