चेतकचा नंबर कधी लागणार?

नव्या फोनला ‘आउट ऑफ स्टॉक’ दिसलं की आपण वैतागतो. पण आजोबांना विचारा, चेतकसाठी किती थांबलात?

१९७२ मध्ये बजाजने चेतक आणली. कारखाना आकुर्डीत, पण स्कूटर किती बनवायच्या, ते सरकारी लायसन्स ठरवायचं. नंबर लागायला दहा-दहा वर्षं जायची. ज्याला घाई, तो ‘ऑन’ देऊन घ्यायचा. १९९१ मध्ये लायसन्सराज गेलं.

२०२१ मध्ये पुणे-बंगळूरला इलेक्ट्रिक चेतकचं ऑनलाइन बुकिंग ४८ तासांत बंद झालं. जुलैत नागपूरचं उघडलं, टोकन २,००० रुपये. म्हणजे जेवढा माल, तेवढंच बुकिंग, तेही एकेका शहरात. आता रांग किती लांब ठेवायची, ते कंपनी ठरवते. म्हणून ‘बुकिंग बंद’ दिसलं की आधी विचारा: माल नाहीये, की सोडलाच नाही?