वारसा-शिक्षक प्रशिक्षण

संग्रहालये, किल्ले आणि लोककला यांची ओळख करून देणाऱ्यांना विषयज्ञान, जतनाचे नियम व निवेदनाची रीत शिकवणारे व्यावसायिक शिक्षण. भारतात त्याचा पाया संग्रहालयशास्त्राने घातला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाचा विभाग १९५२ मध्ये सुरू झाला (पहा : संग्रहालयशास्त्र).

सिंधुदुर्ग जिल्ह्यात हे शिक्षण मुख्यतः घराण्यांतून चालत आले. पिंगुळीच्या (ता. कुडाळ) ठाकर कलावंतांची मुले पोथीतले एकेक चित्र पुढे धरून प्रसंग गायला आणि कळसूत्री बाहुली नाचवायला घरीच शिकतात. त्यांच्यापैकीच परशुराम गंगावणे (पद्मश्री, २०२१) यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले (पहा : चित्रकथी).

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला (बांधकामास प्रारंभ १६६४) २०२५ मध्ये इतर ११ किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला. तेथील तट, शिवराजेश्वर मंदिर व गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवताना इतिहास आणि आख्यायिका वेगळ्या ठेवणे, हा मार्गदर्शकाच्या शिक्षणातला सर्वांत अवघड भाग (पहा : जलदुर्ग).