गोडादऱ्यात पहिलं घर घेताना : सबसिडी किती मिळते आणि कर्जाचा दर कमी कसा करून घ्यायचा?

गोडादरा (सुरत), प्रतिनिधी : लूम खात्यात, डाइंग मिलमध्ये किंवा साडीच्या कामात पंधरा-वीस वर्षं काढली, भाड्याच्या खोल्या बदलल्या आणि आता स्वतःचं रो हाऊस किंवा फ्लॅट घ्यायचा आहे. गोडादरा, लिंबायत, डिंडोली आणि उधना भागात स्थिरावलेल्या खान्देशी कुटुंबांची ही सर्वसाधारण स्थिती. घर बघायला गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "सरकारची सबसिडी मिळेल, काळजी करू नका." पण सबसिडी सगळ्यांना मिळत नाही. आणि ज्यांना मिळते त्यातले बरेच जण तेवढेच पैसे चढ्या व्याजात घालवून बसतात.

सबसिडी नेमकी किती?

प्रधानमंत्री आवास योजनेची (शहरी) जुनी व्याज-सबसिडी, जिच्यात सुमारे २ लाख ६७ हजारांपर्यंत लाभ मिळायचा, ती ३१ मार्च २०२२ रोजी बंद झाली. आजही काही एजंट हाच आकडा सांगतात. तो धरून बजेट करू नये.

सध्या लागू आहे ती प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.०. ती १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी आहे. तिच्यातल्या व्याज-अनुदानाच्या मुख्य अटी अशा :

- कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत.
- घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कार्पेट एरिया १२० चौरस मीटरपर्यंत.
- कर्ज १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन वितरित झालेलं असावं.
- कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के व्याज-अनुदान. कमाल १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत.

म्हणजे सगळी रक्कम एकदम जमा होत नाही. वर्षाला साधारण ३६ हजार येतात. हप्ता येतेवेळी कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. ही केंद्राची योजना असल्यामुळे सुरत असो, नंदुरबार असो की बेळगाव, आकडे सारखेच आहेत. मात्र प्रत्येक बँक किंवा फायनान्स कंपनी या योजनेत सामील असेलच असं नाही. फाईल देण्याआधीच हे विचारून घ्यावं.

गावाकडचं घर आडवं येतं का?

सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांसाठी हा सर्वात नाजूक मुद्दा. अट अशी आहे की कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. "देशात कुठेही" म्हणजे अमळनेर, शिरपूर, शहाद्याकडचं घरही त्यात आलं.

इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं-मुली. त्यामुळे गावचं घर वडिलांच्या नावावर असेल आणि मुलगा विवाहित असेल, तर ते त्याचं घर धरलं जात नाही. पण वडील वारल्यावर वारसनोंद होऊन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मुलाचं नाव चढलं असेल, तर अडचण येऊ शकते. गेल्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल, तरी अर्ज बसत नाही. गावी आईच्या किंवा भावाच्या नावावर घरकुल आहे की स्वतःच्या, हे उतारा काढूनच बघावं. अर्जात मालकीबद्दल स्वतःचं जाहीर कथन द्यावं लागतं आणि ओळख आधारवरून पटवली जाते. "कोण बघायला जातंय गावाला" या भरवशावर सही करू नये.

खरा फरक व्याजदरात

२० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत धरली तर हिशोब असा :

- ८ टक्के : हप्ता सुमारे १६,७२९ रुपये
- ८.५ टक्के : सुमारे १७,३५६ रुपये
- ११ टक्के : सुमारे २०,६४४ रुपये

फक्त अर्धा टक्का जास्त गेला तरी वीस वर्षांत सुमारे दीड लाख जादा जातात, म्हणजे जवळजवळ सगळी सबसिडी. ८ ऐवजी ११ टक्के लागले तर फरक ९ लाखांच्या पुढे जातो.

हा महागडा दर बहुतेक वेळा रोखीत पगार घेणाऱ्यांच्या वाट्याला येतो. कमाई असते, पण कागदावर दिसत नाही. बँक फाईल परत करते आणि माणूस जास्त दराच्या कंपनीकडे वळतो. यावर उपाय एकच, आणि तो घर बघण्याच्या दोन वर्षं आधी सुरू करायचा. पगार खात्यात घ्यावा. कर लागत नसला तरी दरवर्षी आयकर रिटर्न भरावं. बायकोचं शिलाई-लेस लावण्याचं उत्पन्न असेल तर तेही खात्यातून फिरवावं. मोबाइल-गाडीचे हप्ते चुकवू नयेत. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा प्रत्येक संस्थेकडून मोफत मिळतो, तो आधी स्वतः बघावा. आधार, पॅन आणि पासबुकात नावाचं स्पेलिंग एकच करून घ्यावं.

बोलणी कशी करायची?

१. किमान तीन ठिकाणांहून लेखी दर घ्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला मुख्य माहितीचा तक्ता देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. तुलना त्या आकड्याची करावी, जाहिरातीतल्या दराची नाही.

२. दर कशाला जोडला आहे ते विचारावं. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तेव्हा आपला दर किती उतरला ते स्टेटमेंटमध्ये तपासावं.

३. प्रोसेसिंग फी, वकिलाची फी आणि कर्जासोबत चिकटवलेला विमा यावर घासाघीस करावी. विमा त्याच कंपनीकडून घेण्याची सक्ती नसते.

४. कर्ज जुनं असेल तर आधी आपल्याच बँकेत दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा. ग्राहक टिकवण्यासाठी रेपोवरचं मार्जिन तीन वर्षांच्या आतही कमी करण्याची मुभा ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना आहे. दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर हातात असलं तर बोलणं सोपं जातं.

५. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. मात्र सबसिडीचे हप्ते बाकी असताना कर्ज दुसरीकडे नेलं तर त्यांचं काय होईल, हे दोन्हीकडून लिहून घ्यावं.

दस्तावेज करताना

नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं, पण उरलेले दहा टक्के आणि दस्तावेजाचा खर्च खिशातून जातो. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का आहे. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ. २० लाखांवर हे २० हजार होतात. नवऱ्याचं नाव मालक म्हणून घातलं की माफी जाते, सहकर्जदार म्हणून तो राहू शकतो. (महाराष्ट्रात महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे.)

फक्त साठाखत किंवा 'पावर'वर विकलं जाणारं घर स्वस्त दिसतं. त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि कर्ज नाही तर व्याज-अनुदानही नाही. बिनखेतीचा हुकूम, मंजूर प्लॅन, वेराबिल आणि नवा प्रोजेक्ट असल्यास गुजरेराची नोंदणी, हे बघितल्याशिवाय बाना देऊ नये.

तक्रार कुठे?

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, हेल्पलाइन १४४४८. हाउसिंग फायनान्स कंपनीविरुद्ध नॅशनल हाउसिंग बँकेकडे जावं लागतं. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. त्यासाठी कर्ज फिटल्याच्या तारखेचा दाखला जपून ठेवावा.