पक्षिछायाचित्रणातील हाती धरण्याजोगी दूरचित्रक भिंगे

दूरच्या लहान वस्तूची मोठी प्रतिमा मिळविण्यासाठी दीर्घ केंद्रांतराचे भिंग लागते. पुढील बहिर्गोल गटामागे अंतर्गोल गट बसवून भिंगाची प्रत्यक्ष लांबी केंद्रांतरापेक्षा कमी ठेवलेली असल्यास त्यास दूरचित्रक भिंग म्हणतात. व्यवहारात टेलिफोटो लेन्स हाच शब्द रूढ आहे. ही रचना १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस डॉलमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे व श्टाइनहाइल यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली. ती भिंगे फार कमी प्रकाश देत. त्यामुळे प्रकाशन-काल लांबे व तिपाईवाचून काम भागत नसे.

साहजिकच आरंभीचे पक्षिछायाचित्रण घरट्याभोवतीच घुटमळत राहिले, कारण पक्षी ठराविक जागी हमखास परत येतो तो तेथेच. रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी घरट्यांची छायाचित्रे असलेला ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९०० मध्ये चित्रणासाठी बैलाच्या कातड्याचे पोकळ लपण वापरले. भारतात सालिम अलींसमवेत हिंडलेल्या लोक वान थो यांच्या अ कंपनी ऑफ बर्ड्‌स (१९५७) या ग्रंथामागेही लपणात बसून घालविलेले दीर्घ तास आहेत. या पद्धतीची किंमत पुष्कळदा पक्ष्यास मोजावी लागे : वावर वाढला की पक्षी अंडी टाकून जातात, उघडी पडलेली पिले उन्हाने किंवा कावळ्यांमुळे दगावतात.

३५ मिमी. फिल्मच्या लहान कॅमेऱ्यांमुळे घरट्यापासून दूर, उडता पक्षी टिपणे आवाक्यात आले. जर्मनीच्या नोव्होफ्लेक्स भिंगांस पिस्तुलासारखी मूठ असे व ती दाबून केंद्रीकरण साधे. सोव्हिएट रशियात १९६५ मध्ये निघालेल्या फोटोस्नायपर संचात ३०० मिमी. भिंग, बंदुकीचा दस्ता व घोडा होता. शिकारीचे अवजार जवळजवळ जसेच्या तसे उचललेले दिसते.

भिंगाच्या निवडीतील पेच मात्र भौतिकीचा आहे. १५ मी. अंतरावरील १५ सेंमी. लांबीच्या पक्ष्याची ४०० मिमी. भिंगाने पडणारी प्रतिमा केवळ ४ मिमी. भरते. हात हलल्याचा परिणाम टाळण्यास अशा भिंगाला १/४०० सेकंद किंवा त्याहून कमी काल घ्यावा, असा संकेत आहे. त्यास लागणारा प्रकाश मोठ्या छिद्राने मिळतो, पण एफ/५·६ ऐवजी एफ/२·८ घेतल्यास पुढील काचेचा व्यास सु. ७१ मिमी.वरून १४३ मिमी. होतो. कॅनन कंपनीचे १९९१ मधील असे भिंग सु. ६ किग्रॅ. वजनाचे होते, तिचे १९९३ मधील एफ/५·६ भिंग १·२५ किग्रॅ. भरले. उडत्या पक्ष्यांसाठी हे दुसरे भिंगच अनेकांनी पसंत केले, ते योग्यच म्हटले पाहिजे. आरशाची भिंगे याहून आखूड व हलकी. परंतु त्यांचे छिद्र बहुधा एफ/८ वर स्थिर असते व पार्श्वभूमीत कड्यांसारखे ठिपके उमटतात.

कॅननने १९९५ मध्ये प्रतिमा-स्थिरीकरण असलेले भिंग आणले. स्थिरीकरण हाताचा कंप शोषते, पक्ष्याच्या पंखांची हालचाल नव्हे. ही मर्यादा विकत घेताना सहसा विसरली जाते. पुढे अंकीय संवेदकांची प्रकाशग्राहिता वाढल्याने लहान छिद्राची अडचण पुष्कळ कमी झाली. निकॉनचे २०१८ मधील ५०० मिमी. एफ/५·६ भिंग फ्रेनेल रचनेमुळे १·४६ किग्रॅ. इतके हलके झाले. मात्र चौकटीत प्रखर दिवा किंवा सूर्य आल्यास त्याभोवती वलये दिसतात. उजनी जलाशयावर भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे चित्रण डुलत्या नावेतून होते. तेथे तिपाई नावेबरोबर हलते, म्हणून हलके भिंग हातीच धरावे लागते.